आराखड्यात न बसणारं गाव

युरोपच्या आमच्या आराखड्यात एक गाव होतं. ते मी तीन वेळा खोडलं आणि माझ्या नवऱ्यानं तीन वेळा परत लिहिलं. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती आणि तोवर कुठल्याही गोष्टीला ते 'तू म्हनशील तसं' म्हणत आले होते. त्यामुळे तिसऱ्यांदा ते गाव कागदावर दिसलं, तेव्हा मी पेन खाली ठेवलं आणि त्यांच्याकडे नुसती बघत राहिले.

मी नगरच्या एका शाळेत भूगोल शिकवते. ऱ्हाईन नदी कुठं उगम पावते आणि कुठल्या समुद्राला मिळते, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढत आले. प्रत्यक्षात नदी म्हणून ओळखीची होती ती प्रवरा, कारण माझं माहेर बेलापूरचं. हे मूळचे जामखेडकडचे. आयटीआय करून नागापूरच्या एमआयडीसीत फिटर म्हणून लागले आणि मागच्या वर्षी तिथूनच निवृत्त झाले. चाळीस वर्षं नगरात काढूनही त्यांच्या बोलण्यातलं 'हाय' आणि 'न्हाई' गेलं नाही, आणि ते जावं असं मलाही कधी वाटलं नाही.

निवृत्तीनंतर आमच्या मुलीनं ठरवलं, की आई-बाबांनी एकदा परदेश पाहून यायचा. ती पुण्यात नोकरी करते. तिला आम्हाला टूरबरोबर पाठवायचं होतं. हे म्हणाले, "टूर नको. आपन आपलं रेल्वेनं फिरू."

मी चकित झाले. भाजी घेतानासुद्धा मंडईतून मला फोन करून 'गवार घेऊ का घेवडा' विचारणारा हा माणूस. पण मला ते आवडलं. लग्न झाल्यावर आम्ही एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास'चा पास काढून सात दिवस कोकण पाहिलं होतं. पास दाखवायचा आणि येईल त्या गाडीत बसायचं. युरोपातही असा पास मिळतो, तीस-बत्तीस देशांतल्या गाड्यांना चालतो, हे मुलीनं सांगितलं तेव्हा मला वाटलं, मग काय अवघड आहे?

अवघड काय ते पहिल्या आठवड्यात कळलं. मी जुन्या कॅलेंडरच्या पानांच्या मागच्या कोऱ्या बाजूला नकाशा काढला होता: विमानानं पॅरिस, तिथून झुरिच, झुरिचहून मिलान, मग व्हेनिस, आणि परत. सकाळी पॅरिस ते झुरिचचं तिकीट पाहून ठेवलं. शाळेतून आल्यावर बघते, तर त्याच गाडीचं, त्याच तारखेचं तिकीट जवळपास दीडपट. मी मुलीला फोन केला. ती म्हणाली, "आई, तिकडे असंच असतं. लवकर काढलं की स्वस्त, नंतर वाढत जातं. आणि स्वस्तातलं घेतलंस तर तीच गाडी धरावी लागते. चुकली की तिकीट गेलं."

"आणि गाडीच उशिरा आली तर?"

"एकाच तिकिटावर पुढची गाडी असेल तर ते बघतात. वेगवेगळी तिकिटं काढली असतील तर तुझं तू बघायचं."

मग मी पासाकडे वळले. पासाचं असं होतं, की एका महिन्यातले पाच दिवस आपण निवडायचे आणि त्या दिवशी वाटेल तेवढं फिरायचं. हे ऐकायला छान. पण फ्रान्समधल्या वेगवान गाड्यांना पास असला तरी जागा वेगळी राखून ठेवावी लागते, त्याचे पैसे वेगळे, आणि पासवाल्यांसाठी जागा ठरावीकच. इटलीत जाणाऱ्या गाडीलाही तेच. म्हणजे पास हातात आहे, गाडी समोर उभी आहे, आणि तरी चढता येत नाही. हे वाचून मला अक्षरशः धक्का बसला. मी पुन्हा सुट्या तिकिटांवर आले. वेळापत्रक जुळवलं, आकडेमोड केली. सुटी तिकिटंच परवडत होती.

पण ते गाव मध्ये नसेल तरच.

गाव जर्मनीत होतं. स्टुटगार्टहून एक गाडी, मग दोन डब्यांची दुसरी गाडी, आणि मध्ये गाडी बदलायला सहा मिनिटं. खरं तर आमच्या रस्त्यात जर्मनीची काही गरजच नव्हती. मी इंटरनेटवर त्या गावात काय पाहण्यासारखं आहे ते शोधलं. एक चर्च, एक पोहण्याचा तलाव, यंत्रांचे भाग बनवणारे दोन कारखाने.

"अहो, इथं काय आहे?" मी विचारलं.

"चांगलं गाव हाय म्हनतात."

"कोण म्हणतं?"

त्यावर ते म्हणाले, "तुजी ऱ्हाईन नदी लागंल की मधी."

"ती झुरिचच्या वाटेवर बाझेललाही लागते," मी म्हटलं आणि गाव खोडलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा लिहिलेलं होतं, त्यांच्या त्या टपोऱ्या, ड्रॉइंगवर लिहावं तशा अक्षरात.

गोष्ट उघडी पडली ती व्हिसाच्या कागदांमुळे. पुण्यात एक बाई असे कागद तपासून देतात, असं कळलं होतं. मी दोन्ही आराखडे त्यांना पाठवले, गाव असलेला आणि नसलेला. त्यांचा रविवारी सकाळी फोन आला. फोन स्पीकरवर होता, हे समोर बसून चहा पीत होते.

"मॅडम, बाकी सगळं ठीक आहे. पण पहिल्या आराखड्यातलं हे मधलं गाव काय आहे? पर्यटक तिथं जात नाहीत. ते ठेवणार असाल तर व्हिसाच्या अर्जासोबतच्या पत्रात कारण लिहा. तिथं तुमच्या ओळखीचं कुणी आहे का, फॉर्ममध्येही विचारतात."

मी म्हणणार होते, की कुणी नाही, ते गाव काढूनच टाकतेय. तेवढ्यात हे म्हणाले, "हाय. वळखीचं मानूस हाय तिथं."

मी फोन बंद केला. जर्मनीत ओळखीचं माणूस. या माणसाला जामखेड, नगर आणि बेलापूर सोडून कुठंच ओळख नाही, असं मी धरून चालले होते.

त्यांनी कप बाजूला ठेवला आणि सांगितलं. सांगताना माझ्याकडे बघत नव्हते.

आमची मुलगी जन्मली त्या वर्षी मी बाळंतपणाला बेलापूरला होते. त्याच वेळी कंपनीत जर्मनीहून पत्रा दाबून आकार देणारी एक मोठी हायड्रॉलिक प्रेस आली होती. ती बसवून चालू करून द्यायला तिकडचा एक इंजिनिअर आला होता. त्याच्या हाताखाली यांना दिलं होतं, कारण पोरगा हुशार आहे, असं सगळ्यांचं म्हणणं होतं. दीड महिना दोघं बरोबर काम करत होते. एक दिवस इंजिनिअर प्रेसच्या आत हात घालून काहीतरी बसवत होता आणि हे बाहेर बटनांच्या पॅनेलवर उभे होते. आतून आवाज आला, 'ओके'. यांनी बटन दाबलं.

"दोन बोटं गेली त्याची," हे म्हणाले. "डाव्या हाताची. मी दाबलं म्हनून."

"मग?" मी विचारलं.

"चौकशी झाली. मी लिहून दिलं, माजी चूक हाय म्हनून. सही केली. मग मला मशीनवरून काढून स्टोअरला टाकलं. पुन्हा कदी पॅनेलला हात लावू दिला न्हाई."

"तुम्ही सही का केली?"

"वस्तीतला पयला पोरगा परमनंट झाल्तो मी. नोकरी गेली आस्ती तर गावाकडं काय सांगितलं आस्तं? आन् चूक तर हुतीच की माजी."

मला त्या क्षणी आठवलं ते दुसरंच. मी बाळाला घेऊन नगरला परतले, तेव्हा त्यांनी सांगितलं होतं, की स्टोअरचं काम सोपं असतं, म्हणून मागून घेतलं. मी ते खरं मानलं. त्यांच्याबरोबर लागलेले लोक सुपरवायझर झाले, फोरमन झाले, आणि मी कितीदा म्हटलं असेल, 'तुम्हाला पुढं जायचंच नाही, तुम्हाला बसून खायला हवं.' एकदा तर माझ्या भावासमोर म्हटलं होतं. त्यांनी तेव्हाही फक्त हसून ताट पुढं ओढलं होतं. मी उठून खिडकीशी गेले. ते मागून म्हणाले, "तुला सांगनार हुतो. पन तू ओली बाळंतीन हुतीस. मग राहूनच गेलं."

त्या इंजिनिअरनं ओळख झाल्यावर पहिल्याच आठवड्यात एका कार्डामागे घरचा पत्ता लिहून दिला होता. ते कार्ड यांनी आयटीआयच्या प्रमाणपत्राच्या मागे ठेवलेलं होतं. माणूस जिवंत आहे की नाही, हेही यांना ठाऊक नव्हतं. मी इंग्रजीत पत्र लिहिलं. यांनी सांगितलेलं एकच वाक्य होतं: मला एकदा समोर येऊन माफी मागायची आहे. खाली माझा ईमेल दिला. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, त्यांच्या मुलीचं. वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, चालतेफिरते आहेत. त्यांना सगळं आठवतं. सकाळच्या गाडीनं या, ते स्टेशनवर येतील.

'त्यांना सगळं आठवतं,' हे वाक्य यांनी मला पुन्हापुन्हा वाचायला लावलं.

आता सुट्या तिकिटांचा हिशेब माझ्या दृष्टीनं संपला. त्या घरात आम्हाला दहा मिनिटांत दाराबाहेर काढतील की जेवायला बसवतील, हे कुणाला माहीत? तिथून पुढं झुरिचला जायचं तिकीट कुठल्या गाडीचं काढणार? मी पास घेतला. पॅरिसहून निघणाऱ्या आणि मिलानला जाणाऱ्या अशा दोन्ही गाड्यांतल्या जागा आधी राखून ठेवल्या, आणि मधला तो एक दिवस पूर्ण मोकळा ठेवला. व्हिसाच्या पत्रात कारण लिहिलं: जुन्या सहकाऱ्याची भेट. व्हिसा मिळाला.

मे महिन्यात आम्ही गेलो. पॅरिसबद्दल मला सांगण्यासारखं फारसं नाही, कारण तिथले दोन्ही दिवस हे गप्प होते. मोबाईलवर पासाचा दिवस कसा चालू करायचा, ते मुलीनं व्हिडिओ कॉलवर दाखवलं. स्ट्रासबर्ग गेल्यावर पुलावरून ऱ्हाईन दिसली, रुंद, हिरवट, संथ. मी खिडकीला नाक लावलं, पण मन तिच्यात नव्हतं.

रात्र स्टुटगार्टला काढली आणि दुसऱ्या दिवशी तिथून आमची गाडी चाळीस मिनिटं उशिरा निघाली. जर्मनीत गाडी उशिरा येते, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं. सहा मिनिटांत धरायची ती पुढची गाडी अर्थातच निघून गेली होती. फलाटावर तासभर थांबलो. पासामुळे कुणाला काही विचारावं लागलं नाही. पुढची दोन डब्यांची गाडी आली, त्यात बसलो. हे सारखे डाव्या हाताची बोटं उजव्या हातानं चोळत होते. त्यांना ते कळतही नसावं.

म्हातारा फलाटावर उभा होता. उंच, थोडा वाकलेला, डोक्यावर टोपी, डावा हात खिशात. शेजारी पन्नाशीची मुलगी. तासभर उशीर होऊनही ते तिथंच थांबले होते. हे गाडीतून उतरले आणि दोन पावलं टाकून थांबले. म्हातारा पुढं आला. त्यानं खिशातला हात काढला आणि दोन्ही हातांनी यांचा हात धरला. मी न बघायचं ठरवलं होतं, तरी पाहिलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नव्हतं.

घरी त्यांनी कॉफी आणि केक मांडला होता. म्हातारा जर्मनमध्ये बोलायचा, त्याची मुलगी ते इंग्रजीत सांगायची आणि मी मराठीत. यांचं बोलणं उलट्या वाटेनं जायचं. यांनी बसल्या बसल्याच सुरुवात केली. वाक्य घोकून आणलं होतं. "माज्याकडून चूक झाली. तीस वर्षं झोप लागली न्हाई नीट. मला माफ करा."

ते मुलीनं जर्मनमध्ये सांगितलं. म्हाताऱ्यानं तिला काहीतरी विचारलं, तिनं मला विचारलं, "कसली चूक?"

"बटन दाबल्याची," मी म्हटलं.

म्हातारा बोलायला लागला. मुलगी थांबत थांबत सांगत होती आणि मधेच तिचाही चेहरा बदलला, कारण तिनंही हे पहिल्यांदाच ऐकलं असावं. मी घाईत तिचं बोलणं जसंच्या तसं मराठीत सांगत गेले, 'तो म्हणतोय' वगैरे न लावता.

"चूक माझी होती," मी माझ्या नवऱ्याला म्हणाले. "प्रेसला जाळीचं दार असतं. ते उघडं असलं की मशीन चालू होत नाही. पण दर वेळी दार लावण्यात वेळ जातो, म्हणून त्याचा स्विच मी चिकटपट्टी लावून दाबून ठेवला होता. तुला सांगितलं नव्हतं. आणि ओके मी तुला म्हटलं नव्हतं. माझ्या शेजारच्या माणसानं पाना पुढं केला, त्याला म्हटलं. तुझी काही चूक नव्हती. दवाखान्यातून आल्यावर मी हे सगळं लिहिलं. दोन पानं. तुमच्या कंपनीला पाठवलं. या मुलाला शिक्षा करू नका, असंही लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, की कुणालाही शिक्षा केलेली नाही."

शेवटचं वाक्य सांगून मी यांच्याकडे बघितलं.

हे केकच्या बशीकडे बघत राहिले. म्हातारा मुलीला सारखं विचारत होता, की त्याला कळलं का, त्याला सगळं नीट सांगितलं का. बऱ्याच वेळानं यांनी मला विचारलं, "दोन पानं म्हनला?"

"हो."

"कुनाला पाठवली? विचार."

मी विचारलं. व्यवस्थापकांच्या नावानं, म्हातारा म्हणाला. प्रत आता नव्हती, निवृत्तीनंतर सगळे कागद टाकून दिले होते. मग त्यानं विचारलं, की यांना काही शिक्षा झाली होती का. यांनी मला खूण केली, सांगू नको. मी तरी सांगितलं. म्हाताऱ्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तो रडायला लागला. त्याची मुलगी उठून त्याच्या खुर्चीमागं उभी राहिली.

तिसऱ्या प्रहरची एक गाडी होती, ती आम्ही जाऊ दिली. तिच्या नंतरचीही जाऊ दिली. दोघं म्हातारे गॅरेजमध्ये एक जुनं लेथ मशीन बघत बसले होते, न बोलता, एकमेकांना पार्ट दाखवत. संध्याकाळच्या गाडीनं निघून झुरिचला पोचलो, तेव्हा रात्रीचे नऊ वाजत आले होते, तरी बाहेर अजून उजेड होता. पुढं मिलान पाहिलं, व्हेनिस पाहिलं. हे फोटोत उभे राहायचे. पण चालता चालता मधेच थांबून म्हणायचे, "पत्र आल्तं म्हंजे."

मला राग होता आणि तो दिवसेंदिवस वाढत होता. यांच्या चेहऱ्यावर मात्र रागही नव्हता, सुटकाही नव्हती. डोक्यात काठी बसल्यावर माणूस जसा दिसतो, तसे ते दिसत होते.

नगरला परतल्यावर दुसऱ्या आठवड्यात ते म्हणाले, "साहेबांकडं जाऊन येऊ." तेव्हाचे त्यांचे व्यवस्थापक सावेडीत राहतात, ऐंशीच्या पुढचे आहेत. कंपनी मालकांनी कधीच विकली, पाटीवरचं नावही बदललं. आम्ही सकाळी स्कूटरवर गेलो. साहेबांनी ओळखलं, बसवलं, सुनेला चहा ठेवायला सांगितला. यांनी सरळ विचारलं.

साहेबांनी आठवायला फार वेळ घेतला नाही. "आलं होतं पत्र," ते म्हणाले. "दोन पानी. पण त्याच्या आधी तुझा जबाब वर गेला होता. मशीन नवीन, विम्याचं प्रकरण, तिकडच्या कंपनीशी वाद नको होता. कुणाच्या तरी नावावर जायलाच हवं होतं. तुझी नोकरी तर आम्ही राखली ना?"

ते इतक्या सहज बोलले, की आपण नीट ऐकलं की नाही अशी मला शंका आली. सून चहा घेऊन आली, कप ठेवून आत गेली.

"साहेब, मला एकदा बोलावून सांगायचं हुतं," हे म्हणाले.

"सांगून काय झालं असतं? रेकॉर्ड काही बदललं नसतं."

"रेकॉर्डचं न्हाई म्हनत मी. मला ठाव झालं आस्तं."

साहेबांनी आपला कप उचलला. हे उठले, नमस्कार केला, आणि आम्ही बाहेर आलो. आमचा चहा तसाच राहिला.

फाटकाशी मी म्हटलं, "तुम्ही एवढंच बोललात? मी असते तर... तुम्हाला राग येत नाही का हो?"

त्यांनी स्कूटर स्टँडवरून काढली, पण सुरू केली नाही. हँडल धरून उभे राहिले.

"येतोय," ते म्हणाले. "पन आत्ता कुठं सुरू झालाय. इतकी वर्षं सगळा माज्यावरच हुता. तिकडं वळवायला येळ लागंल."

मग त्यांनी मला विचारलं, की पोरीला फोनवर सांगावं की ती शनिवारी घरी आल्यावर. मी म्हटलं, घरी आल्यावर, आणि तुम्हीच सांगा. ते बरं म्हणाले आणि स्कूटरला किक मारली.